पौष कधी अधिक होत नाही

आत्या, तू गेलीस त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ होती, आणि काशीत कितीतरी दिवस सूर्य दिसला नव्हता. दर थंडीत तू एक वाक्य म्हणायचीस. शाल डोक्यावरून घेऊन, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून, खिडकीबाहेरच्या कोहऱ्याकडे, दाट धुक्याकडे, बघत. "आता आपण त्याच्या सगळ्यात जवळ आहोत बरं का." आणि बाबा खालच्या मजल्यावरून ओरडायचे, "जवळ आहे तर म्हणावं, तोंड दाखव जरा. चार दिवस धोतरं वाळली नाहीत."

यंदा धोतरं वाळली नव्हती, पण कोणी ओरडलं नाही.

घरात माणसं येऊन बसत होती. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या गल्लीत मराठी घरं आता थोडीच उरली आहेत, पण ती सगळी आली. प्रत्येकाने विचारलं, फार त्रास झाला का? बाबा प्रत्येकाला म्हणाले, नाही, शांत गेली. ते खरं नव्हतं. तुला श्वास पुरत नव्हता आणि तू शेवटपर्यंत उशीवर बोटं आवळून धरली होतीस. मी भिंतीला टेकून बसले होते. तू मला भिंतीवरची पाल म्हणायचीस. "सगळं बघते, बोलत काही नाही, आणि मधेच एकदा चुकचुकते." त्या दिवशी मी चुकचुकलेही नाही.

तुला न्यायला निघाले तेव्हा विनूकाकांनी मला दारात थांबवलं. बाबांचे जुने मित्र, त्यांच्यासारखेच भिक्षुक, त्यामुळे अशा वेळी सगळ्यांनी कुठे उभं राहायचं ते तेच ठरवतात. "बायका मणिकर्णिकेवर जात नाहीत, बाळ. तू घरी थांब." मी मान हलवली. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मी मागच्या गल्लीने भोसले घाटावर गेले आणि आपण नेहमी बसायचो त्या पायरीवर उभी राहिले. तिथून मणिकर्णिकेच्या चिता दिसतात, पण त्या सकाळी धूर कुठला आणि कोहरा कुठला तेच कळत नव्हतं. सगळं एकाच रंगाचं होतं. तू त्यात कुठे आहेस हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

याच पायरीवर तू दगड फेकले होतेस, आठवतं? मी नववीत होते आणि शाळेतून नवीन शिकून आले होते. सूर्य पृथ्वीला आत ओढतो, फिरण्यामुळे तयार झालेला एक जोर तिला बाहेर ढकलतो, दोन्ही सारखे, म्हणून पृथ्वी मधल्या मधे राहते. मी ते तुला इंग्रजीत, तोंडपाठ म्हणून दाखवलं.

"कोणी शिकवलं हे?"

"सिस्टरनी."

"सिस्टरना विचार, दोन्ही जोर सारखे असते तर ती सरळ निघून गेली असती. वळली कशाला?"

मला राग आला. शाळेची बाजू घ्यायची म्हणून मी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणाले. तू वाकून एक खडा उचललास आणि नुसता हातातून सोडलास. "हा पडला." दुसरा जरा पुढे फेकलास. "हाही पडला, फक्त पुढे जाऊन." तिसरा पदर खोचून इतक्या जोरात भिरकावलास की खाली नावेतून आवाज आला, "अरे मैडम, निशाना हमहीं पर है का?" तू हात जोडून त्याची माफी मागितलीस आणि माझ्याकडे वळून बोलत राहिलीस. खडा इतक्या जोरात फेकता आला, की तो पडत राहील आणि खालची जमीनही तेवढीच वळत राहील, तर तो पडतच राहतो आणि पोचत नाही. पृथ्वीचं सूर्याशी तसंच चाललंय. "ती पडतेच आहे, अनू. प्रत्येक क्षणाला. तिला बाहेर ढकलणारं कोणी नाही. ती बाजूला पळतेय म्हणून दर वेळी त्याला चुकते. पळणं थांबलं की संपलं."

घरी येऊन तू गणित मांडलंस. एका सेकंदात पृथ्वी तीस किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्या वेळात सूर्याकडे पडते फक्त तीन मिलिमीटर. तू डब्यातून साबुदाण्याचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवलास. "एवढं. दर सेकंदाला एवढं." पुढच्या एकादशीला मी ताटलीतल्या खिचडीकडे बघत बसले आणि ती गार झाली. बाबा म्हणाले, हिला काय झालं? तू म्हणालीस, काही नाही, पडतेय.

मी पहिलीत असताना आई गेली, आणि तू वरच्या तुझ्या खोलीतून सकाळी माझी वेणी घालायला खाली यायला लागलीस. तुला इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला जायची घाई असायची, म्हणून वेणी घालताना तू तोंडाने धडा म्हणायचीस. तुझा धडा हिंदीत, माझी शाळा इंग्रजीत, आणि आपण भांडायचो मराठीत. अभिकेंद्री बल हा शब्द मला माझ्या नावाच्या स्पेलिंगच्या आधी येत होता. माझ्या केसांना अजून तुझ्या हाताची ओढ आठवते. तू फार घट्ट वेणी घालायचीस. दुखायचं. हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

तुझं आणि बाबांचं भांडण मात्र मोठ्याने व्हायचं. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या लोकांची श्राद्धं, शांती, अभिषेक ही बाबांची कामं. शांती असली की ते पाटावर तांदूळ पसरून नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या मांडायचे. मधे सूर्य आणि भोवती बाकीचे. आवाहन व्हायच्या आधी तू तिथून जायचीस आणि सूर्याची सुपारी बोटाने जराशी सरकवायचीस.

"शरू! हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?"

"तुझा सूर्य अगदी मधोमध बसलाय, दादा. कक्षा गोल नसते. तो जरासा बाजूला असतो."

"माझ्या मंडलात तो मधेच असतो."

"आणि चंद्र इथे काय करतोय? आणि पृथ्वीची सुपारी कुठाय?"

"पृथ्वीवर आपण बसलोय, बये! तिची सुपारी कशाला हवी?"

तू हसायला लागलीस. "हे मात्र बरोबर बोललास." आणि तू जिना चढायला लागलीस की बाबा सुपारी पुन्हा मधे आणायचे. मी दारामागून हे किती वेळा पाहिलं असेल. तू सरकवायचीस, ते परत आणायचे. दोघांपैकी कोणीच कधी थांबलं नाही.

पौषाची गोष्टही त्याच भांडणातली. काशीतल्या मराठी घरात दोन पंचांगं असतात. गल्लीचा महिना पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि आपला अमावास्येनंतर. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात तोच दिवस त्यांच्याकडे माघात असतो आणि आपल्याकडे अजून पौषात. बाबा इकडच्या यजमानांसाठी त्यांचा महिना म्हणतात आणि आपल्या लोकांसाठी आपला. चाळीसेक वर्षं ते दोन्ही महिन्यांतून ये-जा करतायत. मला लहानपणी ते सगळं गोंधळाचं वाटायचं. मग एकदा मी विचारलं की अधिक महिना कधी चैत्र असतो, कधी ज्येष्ठ, कधी श्रावण, मग पौष का नसतो? बाबा म्हणाले, शास्त्र आहे. तू म्हणालीस, "शास्त्र आहेच, पण कारणही आहे."

थंडीत आपण सूर्याच्या जवळ असतो. जवळ असलं की तो जास्त जोराने ओढतो, आणि पृथ्वी जास्त वेगाने पळते. मग सूर्य एका राशीतून दुसरीत लवकर जातो, चांद्रमहिन्यापेक्षाही कमी दिवसांत. जास्तीचा महिना बसायला मधे जागाच उरत नाही. उन्हाळ्यात आपण लांब असतो, ओढ कमी असते, पृथ्वी रेंगाळते, तेव्हा जागा होते. "पौषाला घाई असते," तू म्हणालीस. "पौष कधी अधिक होत नाही." बाबांनी पंचांगातून मान वर केली आणि म्हणाले, "मी तेच म्हणालो." तुला त्यावर इतका राग आला की त्या दिवशी तू खाली जेवायला आली नाहीस. मी ताट वर घेऊन आले होते.

मग गेल्या वर्षीची थंडी आली आणि तुझा खोकला तिच्याबरोबर परत गेला नाही. फुफ्फुसं. पावसाळ्यात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. नळी पलंगापासून खिडकीपर्यंत पुरायची आणि दारापर्यंत पुरायची नाही. पहिल्याच दिवशी तू नळी हातात धरून दाखवलीस. "बघ, वर्गात मी दुपट्ट्याला कटोरी बांधून फिरवायचे ना? ही दोरी. आता मीच कटोरी." मला हसू आलं नाही. तुला माझा राग आला, कारण तुझा विनोद वाया गेला.

त्याच पावसाळ्यात मला पुण्याच्या संस्थेत पीएच.डी.साठी जागा मिळाली. विषय तुझाच, ग्रहांच्या कक्षा. मी त्यांना कळवलं की घरात आजारपण आहे, दिवाळीनंतर येते. दिवाळीनंतर कळवलं की थंडी संपली की येते. ते लोक भले होते, त्यांनी थांबायची तयारी दाखवली. तुला मी यातलं काही सांगितलं नाही, पण तुला सगळं कळत होतं. मार्गशीर्षातल्या एका दुपारी तू मशीनच्या घरघरीवरून मोठ्याने विचारलंस, "तिकीट कुठाय तुझं?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

"तुझ्याजवळ कोण थांबणार? बाबांना या मशीनचं बटणसुद्धा कळत नाही."

"दादाला शिकव. एक बटण आहे. माझं नाव पुढे करू नकोस. भीती तुझी आहे."

मी म्हणाले, "तूही नाही गेलीस."

सगळ्यांना माहीत होतं ते. एम.एस्सी. झाल्यावर तुला मुंबईला संशोधनासाठी बोलावलं होतं, आबा, तुझे नि बाबांचे वडील, आजारी पडले आणि तू राहिलीस. आपल्या घरात हे अभिमानाने सांगायचे. मी ते तुझ्या तोंडावर फेकलं आणि वाटलं, आता ही गप्प बसेल. नळी सरळ केलीस. मग म्हणालीस, "आबा दोन महिन्यांत उठून गंगेवर जायला लागले होते. मी तेव्हाही जाऊ शकत होते. मला मुंबईची भीती वाटत होती, अनू. अनोळखी खोली, मेस, सगळी हुशार पोरं, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं. मी आबांचं नाव पुढे केलं. पुढे तुझी आई गेली. मग तुझं नाव मिळालं."

मी उठले आणि खाली गेले. जिन्यावर मला तुझा खोकला ऐकू आला आणि मी परत वर आले नाही. संध्याकाळी औषध द्यायला आले तेव्हा आपण दोघी फक्त औषधाबद्दल बोललो. त्यानंतरही फक्त औषध, वाफ, पाणी, उशी. म्हणजे मी निमित्त होते का, एवढंच मला विचारायचं होतं. रोज वर येताना पहिल्या पायरीवर प्रश्न तयार असायचा आणि शेवटच्या पायरीवर नसायचा. तू विचारायची वाट बघत होतीस असं मला आता वाटतं. किंवा नसशीलही. हे आता मला कधीच कळणार नाही, आणि याची सवय कशी करायची ते मला माहीत नाही.

पौर्णिमा झाल्यावर एका सकाळी तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "आपला पौषच चालू आहे ना अजून?" मी हो म्हणाले. गल्लीत माघ लागला होता. तू म्हणालीस, "पौष अधिक होत नाही." आणि तुझ्या ओठांचा एक कोपरा हसला. मला वाटलं, हिला बरं वाटतंय, विनोद करतेय. वद्य तृतीयेला, मी सकाळचा चहा ओतत असताना, बाबांनी मला वरून हाक मारली.

तिसऱ्या दिवशी तुझी एक विद्यार्थिनी आली. कडेवर मूल होतं. मी दार उघडलं तर मला नीट निरखून म्हणाली, "आप ही अनू हैं?" मी हो म्हणाले. ती तिथेच, दारात, रडायला लागली आणि रडताना हसली. म्हणाली, मैडम वर्गात तुमचंच सांगायच्या. "कहती थीं, हमारे घर में एक लड़की है, बिना साबित किए कुछ मानती ही नहीं। उसी के लिए रात-दिन पढ़ना पड़ता है हमको। और उसके चक्कर में तुम लोगों को भी पढ़ना पड़ेगा।" मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आप बाहर पढ़ने जा रही थीं न? कब जाना है?"

तू फोनवर तिला हेही सांगितलं होतंस. मी विषय बदलून तिला पाणी आणून दिलं. पण तुला एक सांगते. तूच शिकवलंस की सूर्य पृथ्वीला जितक्या जोराने ओढतो, तितक्याच जोराने पृथ्वी सूर्याला ओढते. मी म्हणायचे, मग सूर्य हलत का नाही? तू म्हणायचीस, हलतो. तो मोठा आहे म्हणून आपल्याला दिसत नाही, पण प्रत्येक ग्रह त्याला जरासा हलवतो. मी तुझ्यासाठी निमित्त असेनही. पण ती बाई गेल्यावर मी वर तुझ्या खोलीत जाऊन बसले आणि बंद मशीनकडे बघत पहिल्यांदा रडले.

दहाव्या दिवशी खिचडी होती. इकडे संक्रांतीला खिचडीच म्हणतात, आणि पंचगंगा घाटावर पहाटेपासून अंघोळीला रेटारेटी. आपल्याला तिळगूळ वाटायचा नव्हता. पायऱ्यांच्या एका कडेला बाबा पिंड मांडून बसले होते. या वेळी मी विनूकाकांना विचारलं नाही. मागे जाऊन बसले, आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. ते बाबांना म्हणाले, "संकल्प तूच म्हण. तुला काय सांगायचं मी?"

बाबा म्हणू लागले. मी हे हजार वेळा ऐकलेलं आहे, दारामागून. आवाज सरळ होता, कुठे अडखळत नव्हता. आणि मग ते "माघे मासे कृष्णपक्षे" म्हणाले.

विनूकाकांनी वर पाहिलं. त्यांनाही कळलं. बाबा पुढे चालले होते. इतक्या वर्षांत इकडच्या किती यजमानांसाठी ते या दिवसांत माघ म्हणाले असतील. जीभ तिकडे वळली. तुझ्या दहाव्याची तिथी ते परक्या माणसाची असावी तशी म्हणत होते.

"बाबा," मी म्हणाले. "पौष."

ते थांबले. दर्भ हातात तसाच राहिला. मी त्यांचा चेहरा पाहू शकत नव्हते, फक्त पाठ, आणि ती पाठ हळूहळू वाकत गेली. तू गेल्यापासून ते रडले नव्हते. घाटावरची माणसं येत-जात होती, वर पतंग उडत होते, आणि विनूकाका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. मग बाबा म्हणाले, "हो. पौषच. ती ओरडली असती." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हटलं. या वेळी पौषापाशी आवाज फुटला, पण शब्द बरोबर आला.

कावळा लगेच शिवला. विनूकाका म्हणाले, "काही इच्छा राहिली नव्हती हो तिची." बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाण्याकडे पाहिलं.

काल चौदावा दिवस झाला. घरात निधनशांत होती. आपलाही माघ कालच लागला, त्यामुळे आता गल्लीत आणि घरात पुन्हा एकच महिना आहे. बाबांनी पाटावर तांदूळ पसरले आणि सुपाऱ्या मांडल्या. मी दारात उभी होते. त्यांनी मधे सूर्य ठेवला, भोवती बाकीचे. मग आवाहन सुरू करायच्या आधी थांबले. जिन्याकडे पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं. त्यांनी एक बोट पुढे केलं, सूर्याची सुपारी जराशी बाजूला सरकवली, आणि ती तशीच ठेवून मंत्र म्हणायला लागले.

जेवणं झाल्यावर ते हात पुसत माझ्याजवळ आले. आम्हा दोघांना बोलायची सवय नाही हे तुला माहीत आहे. आमच्यातलं बरंचसं बोलणं तुझ्यामार्फत व्हायचं. ते पंचांग चाळत उभे राहिले, जणू त्यांना काहीतरी शोधायचं होतं.

"यंदा ज्येष्ठ अधिक आहे," ते म्हणाले. "अधिकात यात्रा फार येते. मला एकट्याला झेपणार नाही. तेव्हा ये."

मला समजायला क्षणभर लागलं. त्यांनी जा म्हटलं नव्हतं, ये म्हटलं होतं.

"येईन," मी म्हणाले.

"ते मशीनचं बटण कुठलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बाबा, आता कशाला? ते म्हणाले, "नाही, शिकायचं राहून गेलं."

आत्या, अधिकामुळे तुझं हे पहिलं वर्ष तेरा महिन्यांचं होणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, मेल्यावर का होईना, मिळाला की नाही जास्तीचा महिना. तू गेलीस तेव्हापासून पृथ्वी सूर्यापासून लांब निघाली आहे आणि तिचा वेग कमी होत चाललाय. तो मागून ओढतोय म्हणून कमी होतोय. उन्हाळ्याच्या शेवटी त्याच ओढीने ती वळेल. हे सगळं मला पाठ आहे. तरी आज सकाळी बॅग भरताना तुझी शाल घ्यायची की ठेवायची हेही मला ठरवता आलं नाही. शेवटी ठेवली. बाबा वरच्या खोलीत जाऊन बसायला लागलेत, त्यांना लागेल.

गाडी उद्या दुपारची आहे. पुण्यात माझ्या ओळखीचं कोणी नाही. खोलीत आणखी एक मुलगी असणार आहे, मेसमध्ये लांब टेबलं असणार आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आहे. त्या दुपारी तू तुझं सांगितलंस आणि मी माझं न सांगता जिना उतरले. ते आता सांगते. मला भीती वाटते, आत्या. आणि मी कोणाचंही नाव पुढे करत नाहीये.